मधूच्या नावाचं पान

नागपूरला जाऊन आलेली माणसं शेजारीपाजारी संत्री वाटतात. मी परत आले तेव्हा शेजारच्या काकू पिशवीकडे बघत दारातच उभ्या राहिल्या, आणि मी त्यांना नुसतं "या" म्हटलं. शाळेत शिक्षकांच्या खोलीतही तेच. तिकडे ऊन फार का हो, तिकडची भाषा कळते का, तिखट खरंच तेवढं असतं का? मी भूगोल शिकवते, त्यामुळे हवापाणी आणि पिकं तोंडपाठ आहेत. पण तिथे जे पाहिलं ते कुठल्या धड्यात बसणारं नाही, आणि डबा खाता खाता सांगून ते कुणाला पटणारही नाही. म्हणून एकदाच काय ते लिहून काढते.

मी गेले होते भावाला आणायला. मधू माझा धाकटा भाऊ. कराडला एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. नागपूरजवळ कुणीतरी डबाबंद मांसाचा कारखाना काढला, त्यांच्यासाठी वर्कशॉपने एक यंत्र बनवलं आणि ते बसवून द्यायला मधूला धाडलं. पंधरा दिवसांचं काम होतं. तो तिथेच नोकरीला राहिला, आणि मग दिवाळ्यांमागून दिवाळ्या गेल्या. "पुढच्या वेळी नक्की" असा निरोप यायचा. या वर्षी आईने फराळाचा डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "त्याला घेऊनच ये. एकटी आलीस तर दार उघडायची नाही." आई असं बोलते खरी, पण या वेळी तिचा आवाज कापत होता. मी परतीची दोन तिकिटं काढून ठेवली. मोठी बहीण आहे मी, माझ्यापुढे त्याचं काय चालणार, अशी माझी घमेंड होती.

कोराडीच्या पुढे

भाऊबीजेच्या सकाळी गाडी नागपूरला पोहोचली. मधू फलाटावर होता. तो वाळला असेल अशी माझी समजूत होती, पण उलट अंगाने चांगला भरला होता. खांद्यावरून शाल लपेटलेली. "एवढी कसली थंडी रे?" म्हटलं, तर म्हणाला, "इथे सकाळी गारवा असतो, अक्का." आणि माझी बॅग डाव्या हाताने उचलून चालायला लागला.

कारखाना कोराडीच्याही पुढे, सावनेरच्या रस्त्याला. बसमध्ये माझ्या शेजारची बाई बसण्याआधी पदराने बाक पुसून घेत होती. मी मनात म्हटलं, नखरे बघा. कोराडी जवळ आल्यावर मात्र मलाही पदराने तोंड पुसावं लागलं. वीजघराच्या उंच धुराड्यांतून राख उडते आणि मैलच्या मैल हलकेच खाली बसते. वाळत घातलेल्या धोतरांवर, तुळशीच्या पानांवर, चहाच्या टपरीवरच्या काचेच्या बरण्यांवर, सगळीकडे ती. दिवाळीच्या रांगोळ्या अजून दारोदार होत्या, पण त्यांचे रंग गेले होते आणि राखेत बोटाने रेघा ओढाव्यात तशा त्या दिसत होत्या. आमच्याकडे धूळ असते, पण धूळ झटकली की जाते. ही झटकली की हवेत राहायची आणि परत त्याच जागी येऊन बसायची.

मधूची खोली कारखान्याच्या कुंपणालगत होती. मी पाट मांडला, निरांजन लावलं. टिळा लावला, ओवाळलं. त्याने ताटात ओवाळणी टाकली ती डाव्या हाताने.

"मधू, अरे डाव्या हाताने ओवाळणी घालतात का? शिंगं फुटलीत का तुला?"

शालीतून उजवा हात बाहेर काढून त्याने माझ्यासमोर धरला. करंगळी नव्हती. तिच्या शेजारचं बोटही नव्हतं. तळहाताची कड गुळगुळीत, गुलाबी आणि किंचित चकाकणारी होती. निरांजन माझ्या हातात होतं ते मी खाली ठेवलं.

"मशीनमध्ये गेली," तो म्हणाला. बसमध्ये छत्री विसरली हे जसं सांगावं तसं. "गेल्या उन्हाळ्यात. आता दुखत नाही."

मी रडले, त्याला बोलले, कारखान्याला बोलले, आईला का कळवलं नाहीस म्हणून त्याच्या पाठीत एक धपाटाही घातला. तो सगळं ऐकून घेत होता. मग मी म्हटलं, झालं ते झालं, रविवारी संध्याकाळच्या गाडीची तिकिटं आहेत, तू माझ्याबरोबर येतो आहेस. तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "अक्का, मी पूर्ण नाही गं. अर्धवट कसा येऊ?"

हाडांची शेड

दुसऱ्या दिवशी ते यंत्र बघायचंच असा मी हट्ट धरला. मॅनेजर अगत्यशील निघाले. कराडची बाई, त्यातून मास्तरीण, म्हणून स्वतः दाखवायला आले. "एकदम बढिया चीज आहे मॅडम," म्हणाले. "खाटीक किती माल हाडावर सोडून देतो, त्याची तुम्हाला कल्पना नसेल. ते सगळं आपण वाचवतो."

बोकडांचं मांस सोलून घेतल्यावर उरलेली हाडं तिथे येतात. पाठीचे मणके, बरगड्या, माना. आधी एका पत्र्याखाली बायकांची रांग बसलेली होती. हातात आखूड, वाकड्या सुऱ्या. मणक्याच्या खाचांतून त्या मांस खरवडून काढत होत्या. कुणी बोलत नव्हतं. खरवडण्याचा तो आवाज पत्र्याखाली भरून राहिला होता. ही जुनी पद्धत, मॅनेजर म्हणाले. हळू चालते, आणि मणक्याच्या आतलं आतच राहतं.

त्यापुढे एक दाबयंत्र होतं. जाड पोलादी नळकांड्यात अख्खी हाडं भरायची आणि वरून दट्ट्या उतरवायचा. फटींतून मांस पाझरून बाहेर येतं आणि हाडं आत दाबून एकजीव होतात. उघडलं तेव्हा वडी निघाली. बरगड्यांचे तुकडे एकमेकांत रुतून बसले होते, आणि कुठली कुणाची ते आता देवालाही सांगता आलं नसतं.

आणि शेवटी मधूचं यंत्र. पलीकडच्या बर्फखोलीतून हाडं येतात, त्यांची आधी भरड करतात आणि ती भरड वरच्या चाडीत, म्हणजे नरसाळ्यासारख्या तोंडात, टाकतात. आत एक जाडजूड स्क्रू फिरतो. तो भरड पुढे ढकलत नेतो आणि एका पोलादी चाळणीवर दाबतो. चाळणीची भोकं खसखशीएवढी. मऊ असेल ते भोकांतून बाहेर येतं, कडक असेल ते पुढे सरकत जाऊन टोकाला कोरडा चोथा होऊन पडतं. बाजूने सोऱ्यातून शेव पडावी तसे गुलाबी धागे पडत होते आणि खालच्या तसराळ्यात त्यांचा लोण्यासारखा लगदा होत होता. त्यात ना शीर, ना रेषा, ना चरबीची कड. एका टोकाला बिनहाडाचं मांस, दुसऱ्या टोकाला बिनमांसाचं हाड. जो बोकड आत गेला होता तो दोन्हीकडे कुठेच नव्हता.

बर्फखोलीतल्या हाडांना मी मघाशी हात लावला होता तेव्हा बोटं बधिर झाली होती. आता लगद्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. तो कोमट होता. अंगाएवढा.

"हे गरम कसं?" मी विचारलं.

"घर्षण, अक्का," मधू म्हणाला, आणि जरासा हसला. "तूच शिकवलंस ना मला? दाब आणि घर्षण. बर्फ घालतो आम्ही, तरी एवढं गरम निघतंच."

उत्तर बरोबर होतं. मी दहा मार्क दिले असते. पण ते बोट मी पदराला पुसलं, नळाखाली धुतलं, परत पुसलं, आणि दिवसभर ते बोट मला बाकीच्या नऊ बोटांपेक्षा वेगळं वाटत राहिलं.

हात धुवायला गेले तिथे खरवडणाऱ्या बायकांतली एक सुरी धूत होती. शेवंता तिचं नाव. मी मधूची बहीण हे तिला आधीच कळलेलं होतं.

"बाई, तुमच्या भावानं बिनकामाचा हात नाई घातला," ती म्हणाली. "भरड ढकलाचं लाकडी दांडकं अडकलं होतं. ते सोडवून राहिला होता. तेवढ्यात वढलं."

"आणि मग?"

"मंग काय. सारे त्याले घेऊन दवाखान्यात पळाले. तवरचा लगदा साहेबानं खड्डा खनून चुन्यात पुरला, ते मी पाह्यलं. पन चोथ्याचं पोतं तसंच भरून होतं. संत्र्याच्या वाडीचा गाडीवाला रोज येते, झाडाले खत म्हनून चोथा नेते. त्याले कोन सांगंन? त्यानं रोजच्यासारखं पोतं उचललं अन् नेलं."

ती सुरीचं पातं उलटसुलट करून बघत होती.

"माह्या ध्यानात आलं तशी मी वाडीत धावत गेली. जीव नुसता उडून राहिला होता. जाऊन बोंबलली, पोतं खोलू नका, त्याच्यात मानूस हाये. पन वाडीवाल्या आजीनं चोथा झाडाच्या बुडी देऊनही टाकला होता." मग ती म्हणाली, "दोन बोटं म्हनाले पाह्यजे होतं. माह्या तोंडातून मानूस निघालं. तिथून सारं झालं."

काय सारं झालं, ते तिने सांगितलं नाही. "तुमी रवारी जासान नं त्याच्यासंगं वाडीत, मंग पाहा," एवढं म्हणून ती रांगेत जाऊन बसली.

सावजीकडे

शनिवारी मधूने मला शहर दाखवलं. गांधीबागेत कापडाच्या दुकानांत मी पोटभर भाव केले आणि काही घेतलं नाही, त्यावर दुकानदार म्हणाला, "बाई, पाहून राहिल्या का मोजून राहिल्या?" मग दुपारी मधू मला एका सावजी खानावळीत घेऊन गेला. आम्ही कोल्हापूर-साताऱ्याकडची माणसं तिखटाचा तोरा मिरवतो. तिथल्या तर्रीचा पहिला घास घेतला आणि माझा तोरा नाकाडोळ्यांतून वाहायला लागला. खानावळवालीने माझ्यापुढे न विचारता कांदा आणि पाणी ठेवलं. रंग काळपट, वास खसखस-धण्याचा, आणि तिखट असं की आधी काही नाही आणि मग कानामागून येतं.

मधूच्या ताटात नळी होती. आपल्याकडे नळी म्हणजे ताटावर आपटून आतलं चोखून मोकळं व्हायचं. मधूने तिच्याकडे बघितलंही नाही. मांस अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांनी सोडवून घेतलं आणि हाडं ताटाच्या कडेला ठेवत गेला. माझ्याही ताटातली उचलली. जेवण संपत आलं तेव्हा मी पाहिलं, त्याने ती हाडं जुळवली होती. बरगडीशेजारी बरगडी, सांध्याला सांधा. तो एकेक तुकडा उलटा करून बघायचा, नाही जुळला तर उचलून दुसरीकडे ठेवायचा. खानावळवाली ताटं उचलायला आली ती तिथेच थांबली. तिने ताट उचललं नाही, आणि आम्ही उठेपर्यंत ती परत आमच्याकडे आलीही नाही.

बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच सुरुवात केली. हाड म्हणजे चुना आणि स्फुरद. शरीरातलं रोज काहीतरी जातंच. नखं जातात, केस जातात, दात पडतात, म्हणून काय माणूस अर्धवट होतो?

"दात पडला की आई काय करायची, अक्का?"

"शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकायला लावायची."

"म्हणजे कुठे गेला ते माहीत असायचं," मधू म्हणाला.

मी चालायला लागले.

"आणि बाबांचं श्राद्ध?" तो पुढे म्हणाला. "दर्भाचं पवित्रक कुठल्या बोटात घालतात? अनामिकेत. ती माझ्याकडे नाही. उद्या आईचं करायची वेळ आली तर भटजी म्हणतील, हात पुढे कर. काय पुढे करू? आणि मी गेल्यावर माझ्या अस्थी गोळा कराल त्यात ही दोन बोटं नसणार. ती इथे आहेत, अक्का. मांस चुन्यात आणि हाड झाडाच्या मुळाशी. मी तिथून लांब गेलो की हात ओढल्यासारखा होतो. एकदा स्टेशनपर्यंत जाऊन परत आलो."

तो हे रडत सांगत असता तर मी त्याला जवळ घेतलं असतं. पण तो शांतपणे सांगत होता. मला खरंच भीती वाटली, की आईकडे मी नेईन तो कोण असेल.

रविवार

शेवंताने सांगितलं होतं तशी मी मधूबरोबर वाडीत निघाले; वाडी कारखान्यापासून चालत जाण्याजोगी. वाटेत कपाशी फुटलेली होती, पण कापूस पांढरा दिसत नव्हता, राखाडी होता. संत्र्याच्या झाडांतून आत शिरलो. फळं पिकायला आलेली, पानांवर राख, आणि आत गारवा. पक्षी नव्हते असं नाही, पण ते दुसऱ्याच बाजूच्या झाडांवर होते.

घराच्या ओसरीवर दोन माणसं जेवणाची तयारी करत होती, आजीचा मुलगा आणि सून. आजी मात्र झाडांत होती. खूप म्हातारी, पण पाठ ताठ. एका झाडाच्या बुंध्याशी एक काळा दगड रोवलेला होता, धुतलेला, त्याला हळद लावलेली. दगडासमोर पळसाच्या पानांची पत्रावळ होती. भात, वरण, वडे, वांग्याची भाजी. आजी त्यावर तूप वाढत होती.

"ये वं बाई, बस," तिने मला म्हटलं. "बह्यन नं? तोंडावरून समजते. तुह्याच भावाचं पान मांडून राहिली."

मी मधूकडे बघितलं. तो दगडाशेजारी मांडी घालून बसलासुद्धा होता, रोजची जागा असल्यासारखा.

आजीने सांगितलं ते असं. शेवंता बोंबलत आली की पोत्यात माणूस आहे. आजीला वाटलं, अख्खा माणूस दळला गेला. चोथा मातीत गेलेला, वेगळा काढायची सोय नाही. त्या घराची एक रीत आहे, ज्याचं हाड आपल्या मातीत पडलं तो आपल्या घरचा. म्हणून तिने नाव विचारून घेतलं, दगड मांडला, आणि दहाव्या दिवशी मधूच्या नावाने पान वाढलं. कावळा काही केल्या शिवेना. सगळे उन्हात ताटकळत बसले असताना झाडांतून एक माणूस आला, हाताला बँडेज बांधलेला. दवाखान्यातून पळून आला होता, आपली बोटं शोधत. त्याने दगड पाहिला. आपलं नाव ऐकलं. तो पानावर बसला आणि सगळं जेवला.

"आमी भेलो," आजी म्हणाली. "पन उपाशी मानसाले पानावरून उठवाचं कसं? तवापासून येते. दर रवारी मी पान मांडतो, कावळा शिवत नाई, अन् हा जेवते."

दर आठवड्याला, इतक्या महिन्यांपासून, माझा भाऊ मेलेल्याचं जेवण जेवत होता. त्याचं भरलेलं अंग बघून मी स्टेशनवर खूश झाले होते.

माझा तोल सुटला. "आजी, तुम्हाला काही वाटतं का? जिवंत माणूस आहे हा, समोर बसलाय. तो दगड उचला आधी."

"मांडला दगड उचलत नाई, वं," आजी न रागावता म्हणाली. "अन् जिता हाये म्हनूनच तर फजिती हाये त्याची. ना इकडचा, ना तिकडचा. ओसरीवर ये म्हनतो, आमच्यासंगं जेव म्हनतो, तर म्हनते माझं पान इथं हाये. कावळा शिवला तर त्या बोटाइले पान पावलं, अन् हा मोकळा. पन रक्ताचं कोनी आलंच नाई कबूल कराले. तू मोठी बह्यन. त्याची काय इच्छा रायली, तू बोल."

वर फांदीवर कावळा होता. मी तो तेव्हाच पाहिला. एकटाच, मान वाकडी करून खाली बघणारा.

मला बाबांचा दहावा आठवला. कृष्णेच्या घाटावर आम्ही असेच बसलो होतो. आईने कबूल केलं, काकांनी केलं, कावळे नुसते घिरट्या घालत होते. शेवटी मी पुढे झाले आणि म्हटलं, "बाबा, मधूला मी अंतर देणार नाही." तेव्हा कावळा उतरला. मी विज्ञान शिकलेली, कावळ्याला भूक लागली की तो उतरतो हे मला माहीत आहे. पण ते वाक्य मी त्या दिवसापासून विसरले नाही, आणि त्याच वाक्यासाठी पर्समध्ये दोन तिकिटं घेऊन इथवर आले होते.

मी दगडासमोर बसले. भाऊ शेजारी जिवंत बसलेला, आणि मी त्या दगडाला हात जोडले. माझं मलाच हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"मधू, तुला घरी नेते," मी म्हटलं. "आई वाट बघते."

कावळा हलला नाही.

"कराडला परत काम मिळेल. कुणी काही विचारणार नाही. तुझं लग्न करू."

त्याने फांदीला चोच घासली.

"बाबांचं श्राद्ध मी करीन. पवित्रक मी घालीन माझ्या बोटात. आईचंही मीच करीन. तुला हात पुढे करावा लागणार नाही."

कावळा खाली उतरला. पानापासून हातभर अंतरावर बसला. आता येईल, आता येईल, असं करत आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. भातावर राखेचे बारीक कण बसायला लागले. कावळा पुढे आला नाही. तो पानाकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

मी मधूकडे वळले. त्याचा उजवा हात जमिनीवर टेकलेला होता, आणि जिथे बोटं नव्हती ती कड मातीत दाबलेली. बसतो तेव्हा तो हात तिथे आपोआप जात असावा, मातीला तिथे खळगा पडला होता. त्याला काय हवंय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो सांगत होता आणि मी धपाटे घालत होते.

"बरं," मी म्हटलं. "राहा. इथेच राहा, मधू. मी नाही नेत तुला."

कावळ्याने पुढे होऊन पानावर चोच मारली. वडा उचलला आणि झाडांवरून निघून गेला.

"झालं," आजी म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

मधूने पानाला हात लावला नाही. त्याने मातीतून हात काढला, विहिरीवर जाऊन धुतला, तोंड धुतलं, आणि सरळ ओसरीवर जाऊन आजीच्या मुलाशेजारी बसला.

"आजी, मले वाढा नं," तो म्हणाला. "भूक लागून राहिली."

सुनेने त्याच्यापुढे ताट ठेवलं. माझ्यापुढेही ठेवलं. तो जेवायला लागला. नसलेल्या बोटांच्या जागेतून भाताची शितं गळत होती, ती तो वेचून तोंडात घालत होता. मुलगा त्याला कारखान्यातलं काहीतरी विचारत होता आणि तो घास चावता चावता उत्तर देत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले, कारण आता परत कधी बघायला मिळेल ते ठाऊक नव्हतं.

एक तिकीट मी स्टेशनवर परत केलं.

आईने दार उघडलं. माझ्या मागे रस्त्यावर तिने बघितलं, बराच वेळ बघितलं.

"एकटीच?"

"हो."

"कसा आहे तो?"

बोटांचं मला सांगायचं होतं, आणि पुढे मी ते सांगितलंही. त्या दारात मात्र दुसरंच तोंडातून निघालं.

"माणसांत बसून जेवतो," मी म्हटलं.

आई बाजूला झाली आणि तिने मला आत घेतलं.